ज्वारीत अडलेला रिसाला

मी तेलगावचा पहिला बी.ए. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाही सांगितलं तरी माझ्या बोलण्यात ते दहा ठिकाणी येणारच. पुण्याहून पास होऊन आलो तेव्हा बी.ए. म्हणजे नेमकं काय हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, पारावर बसून सांगायचे, "तशिलदाराच्या वरचं आसतंय कायतरी." प्रत्यक्षात मी मोमिनाबादच्या छावणीत रिसाल्याचा, म्हणजे घोडदळाचा, मुनशी झालो. सवारांच्या रजेच्या अर्ज्या लिहायच्या, इंग्रजी कागद आला की त्याचा उर्दूत तर्जुमा करायचा, हे माझं काम. पण छावणीत मला खरा मान मिळाला तो खेळण्यांमुळे.

झालं असं. एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना सवारांच्या तुकडीवरच्या आमच्या दफेदारांना एक लाकडी पेटी देऊन गेला. तिच्यात बोटाएवढे शिशाचे शिपाई, रंगवलेले, दोन चिमुकल्या तोफा आणि एक पातळ इंग्रजी पुस्तक. साहेब लोक मेजावर हे मांडून लढाई खेळतात एवढं दफेदारांनी लांबून पाहिलं होतं. पुस्तक मात्र कुणाला वाचता येईना. मी रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी ते माझ्यापुढं टाकलं. "मुनशीजी, इसमें क्या लिक्खे सो बोलो."

तेव्हापासून दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, दुपारचं जेवण झालं की खोगीरखान्यात लढाई सुरू. मिशांना पीळ देणारे, भाल्यानं मेख उपटणारे सवार जमिनीवर पालथे पडून एक डोळा मिटायचे आणि शिशाच्या शिपायाचा नेम बघायचे. पुस्तकात इंच होते, आमच्याकडे वीत. पण दफेदारांची वीत म्हणजे माझी दीड वीत, त्यामुळे पहिल्याच दिवशी भांडण झालं आणि शेवटी खोगीर आवळायच्या तंगाच्या पट्ट्याचा एक तुकडा कापून तोच माप ठरला. फाशांच्या जागी कवड्या आल्या. पेटीत घोडे कमी होते म्हणून कुंभाराकडून मातीचे करवून घेतले. पोळा नुकताच झालेला, कुंभाराच्या हाताला बैलांची सवय, त्यामुळे पहिल्या खेपेच्या सगळ्या घोड्यांना वशिंड! दफेदारांनी एकेक घोडा उचलून त्याचे दात बघितले आणि म्हणाले, "उमर कम है, चलेगा."

खरी अडचण पुढं आली. पुस्तकात लिहिलेलं, गोळा लागला की स्वार आणि घोडा दोन्ही उचलून बाजूला ठेवावेत. मी वाचून दाखवलं. पालथे पडलेले सवार उठून बसले.

"घोडाबी?" एका सवारानं विचारलं.

"घोडाही."

"नक्को," दफेदार म्हणाले. "सवार मारो, चार मारो, हम क्या बी नै बोलते. घोडा मरताइच नै."

आमच्या रिसाल्यात घोडा सवाराच्या स्वतःच्या मालकीचा. घरून आणलेला, लेकरासारखा वाढवलेला. त्याचं मरण खेळातसुद्धा कुणाला तोंडातून काढवेना. तीन शुक्रवार वाद चालला. मग मी बी.ए.ची सगळी अक्कल लावून नवा कायदा केला. स्वार पडला तर घोडा मोकळा उभा राहील, आणि जवळच्या सोबत्यानं एक चाल थांबून आधी त्याला धरायचं. हे सगळ्यांना पटलं. आमच्या लढाया संपायच्या तेव्हा माणसं झाडून मेलेली असायची आणि घोडे मात्र सगळे धडधाकट.

दुश्मनाची तोफ धरली की लढाई जिंकली. माझी पाळी महिन्यातून एकदा यायची. कायदे मी लिहिले आणि हरलोही मीच, लागोपाठ अकरा वेळा, दफेदारांकडून, ज्यांना सहीसुद्धा करता येत नव्हती. सवार मला बघून म्हणायचे, "बीए म्हंजे काय बे?" दुसरा म्हणायचा, "बीए म्हंजे अकरा डाव."

अशात वर्ष उलटून पुढचा दसरा आला. रिसालदारांनी, जे दफेदारांच्या वरचे अंमलदार आणि खेळात पंच असायचे, जाहीर केलं, "दसऱ्याचा डाव जो जिंकेल, तो संध्याकाळी शिलंगणाला माझ्या नुकऱ्यावर बसून सगळ्यांच्या पुढं निघेल." नुकरा म्हणजे त्यांचा पांढराशुभ्र घोडा. आदल्या वर्षी त्याच मिरवणुकीत मी धुळीत, शेवटच्या घोड्याच्या मागं चालत गेलो होतो. आणि यंदा आबा येणार होते, पोराची नोकरी डोळ्यांनी बघायला. मला तो घोडा पाहिजे होता. इतका पाहिजे होता की मी आठ दिवस नीट जेवलो नाही.

आबांवर छाप पाडायची म्हणून मी मैदानच तेलगावचं केलं. काळी माती आणून पसरली, आमचं शेत, विहीर, ओढा, लिंबाच्या डहाळीचं झाड, बांध, सगळं जागच्या जागी. आणि घटस्थापनेच्या दिवशी, घटाभोवती पेरतात तशी, आमच्या शेताच्या जागेवर खरी ज्वारी पेरली. रोज पाणी शिंपडलं. दसऱ्यापर्यंत चार बोटं हिरवंगार पीक उभं! रिसालदार म्हणाले, "वा मुनशी!" मी फुगलो.

आबा आले, फेट्याचा शेमला सारखा करत जमिनीवर मांडी घालून बसले. आजूबाजूला पालथी पडलेली फौज बघून आधी त्यांना वाटलं, सगळ्यांना हीव भरलंय. मग मैदानाकडं लक्ष गेलं.

"आरं, हे तर आपलं लिंबाचं झाड!"

"होय आबा."

"हीर जरा हिकडं पायजे. आन् ही जवारी कुनाची?"

"आपलीच की."

हे बोललो तिथंच माझा डाव गेला, पण ते मला नंतर कळलं.

मी त्या दिवशी जोरात होतो. मुद्दाम ओढ्याकाठचे दफेदारांचे तीन स्वार टिपले. तीन घोडे मोकळे. माझ्याच कायद्यानं त्यांची बाकीची माणसं घोडे धरायला थांबली आणि विहिरीजवळची तोफ उघडी पडली. माझे सहा घोडे ज्वारीच्या अलीकडं. सरळ गेलं तर एकच चाल. दफेदारांच्या कपाळावर घाम मी पहिल्यांदा बघितला. बाहेर नुकऱ्याच्या शेपटीला मेंदी लावून झालेली, गळ्यात झेंडूची माळ घालून त्याला दारासमोर उभा केलेला. मी घोड्यांना हात घातला.

आबांनी काठी ज्वारीवर आडवी धरली.

"कुठं चाललास?"

"तोफ धरायला."

"धर की. बांधावरनं जा."

"आबा, बांधावरून तीन चाली लागतात!"

"लागू दे. उभ्या पिकात घोडी घालतोस? कावून? राखायला आलास का लुटायला?"

"आवो आबा, ही खोटी लढाई हाय."

"लढाई खोटी आसंल. जवारी खरी हाय, म्या हात लावून बघितली."

एक सवार पोट धरून खोगिरावर कोसळला. मी लाल होऊन पुस्तक चाळायला लागलो. नदी होती, पूल होता, भिंत होती, दलदलसुद्धा होती. पिकाबद्दल एक ओळ नाही. तसं सांगितलं तर रिसालदार डोळे पुसत म्हणाले, "किताब में नै तो मालिक से पूछो. मालिक बैठेच हैं."

दफेदार बेरकी. अदबीनं पुढं सरकून म्हणाले, "चाचा, इजाजत हाय का?"

"न्हाई."

मला आबांना डावलता आलं असतं. पंचांनी सांगितलं तरी कायदा माझा होता, आणि घोडे हलवणारा हातही माझाच होता. मी दाराबाहेर नुकऱ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. माझ्या बाहीनं वाकलेलं ज्वारीचं एक रोप आबा बोटानं उभं करत होते, अगदी सवयीनं, माझ्याकडं लक्षही न देता. मी सहाही घोडे उचलले आणि बांधावर ठेवले.

पुढच्या तीन चालींत दफेदारांनी घोडे धरले, फळी जुळवली आणि माझी तोफ नेली. बारावा डाव.

सगळा खोगीरखाना ओरडत बाहेर पडला. दफेदारांनी नुकऱ्याचा तंग तपासला, रिकिबीवर हात मारला आणि हाक दिली, "चाचा, इदर आव."

"मी कशाला? म्या खेळलोबी न्हाई."

"मेरी तोफ तुमीच बचाए ना! बैठो."

आबा जन्मात बैलगाडीशिवाय कशावर बसलेले नव्हते. चौघांनी वर चढवलं. वर गेल्यावर आबांनी टाच मारली आणि बैलाला घालतात तशी "हर्रर्र!" अशी हाळी घातली. तो उमदा नुकरा, ज्याला फक्त रिसालदारांची भाषा कळायची म्हणत, तो निमूट चालू लागला! घोड्यावर चढण्याआधी आबांनी मैदानातली सगळी ज्वारी स्वतः उपटली होती आणि दसऱ्याची म्हणून सवारांच्या साफ्यांत खोवायला वाटली होती.

"आबा, आता कसं चालतंय?" मी तेव्हाच विचारलं.

"सनाला चालतंय. घोड्याला न्हाई."

मी लगाम धरून पुढं चालत होतो. पुण्याचा बी.ए., फेट्यात ज्वारीचा तुरा खोवलेला, आणि हसू आवरत नव्हतं. आदल्या वर्षी शेवटच्या घोड्याच्या मागं होतो, यंदा पहिल्या घोड्याच्या पुढं. एवढी बढती कमी नाही.

आबांनी तेलगावात जाऊन काय सांगितलं ते मला महिन्यानं कळलं. आमच्या शेजारच्या दिंद्रुडचा एक शेतकरी चालत छावणीत आला, माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "मुनशीसाब, तुमी पलटनीला हुकूम करून रिसाला पिकातनं वळवलात म्हनं. आमच्या तुरीत पाटलाची घोडी शिरत्यात, तेवडी तुमीच अडवा."

मी काही बोलायच्या आत दफेदार म्हणाले, "हौ, हौ, एच मुनशी अडवले. आम्ही आंखों से देके."

मग मी त्याचा अर्ज लिहून दिला. पाटलाला उद्देशून, शुद्ध भाषेत, आणि खाली सही केली, बी.ए.