कानाचा व्हिडिओ कॉल

फुलांच्या मळ्यापायी आईला धामणगावच्या मावशीकडे जायला जमत नसे. म्हणून अकोल्याच्या दुकानात आम्ही नेट चालणारा, बटणांचा स्वस्त फोन पाहायला गेलो. स्क्रीन एवढीशी, नेटही हळू. मी म्हटलं, "राहू दे, आई."

"लावून तं पाह्य," आई म्हणाली.

मावशीला व्हिडिओ कॉल लावून मी फोन आईकडे दिला. जरा वेळाने मावशी ओरडली, "अवं, मले तुहा कानच दिसून राहिला!"

आईने सवयीने फोन कानाला लावला होता. अख्खं दुकान हसलं. आईने फोन समोर धरला आणि बहिणीचं नखाएवढं तोंड पाहून आनंदाने किंचाळलीच.

फोन घेतला. घरी परतताना अमरावतीपर्यंत बसमधून ती मावशीला रस्त्याकडेचं शिवार दाखवत होती, आणि हसून हसून माझं पोट दुखत होतं.