पाहुणीला दिलेलं झाड

सून पालथी पडली होती आणि वाघानं तिचा खांदा तोंडात धरला होता. मी डबा बडवत त्याला शिव्या देत होते. बाकीच्या बाया काठ्या आपटत ओरडत होत्या. वाघानं एकदा आमच्याकडे पाहिलं, तिला सोडलं आणि नाल्याच्या झुडपात शिरला. घाईसुद्धा केली नाही त्यानं.

पाहुणी पोरगी पलीकडच्या मोहाखाली टोपली छातीशी धरून उभी होती. तिला खरचटलंही नव्हतं.

ही पोरगी परदेशातली. आपल्या सरकारचं एक कार्यालय आहे, ते इकडची पोरं बाहेर शिकायला पाठवतं आणि बाहेरची इकडे आणतं. त्यांनीच हिला पुण्यात मराठी शिकवलं आणि मोहफुलं कशी वेचतात ते पाहायला आमच्या घरी धाडलं. पोरगी कामाला वाईट नव्हती. प्रश्न फार विचारायची.

आमच्या गावात मोहाची झाडं घरागणिक वाटलेली आहेत. सुनेचं झाड सगळ्यांत चांगलं, उघड्यावरचं, खालचा पाला जाळून साफ केलेलं. चारी बाजूंनी नजर जाते. आमच्याकडे पाहुण्याला घरातलं चांगलं तेच देतात. त्या सकाळी सुनेनं ते झाड पोरीला दिलं आणि स्वतः नाल्याकाठच्या झाडाखाली गेली.

शेजारीण म्हणाली, "तिकडं काऊन जातेस वं? झुडूप किती हाय तिथी!"

"मंग काय पाहुणीले तिथी बसवू? तूच जाय ना, वाघाले तुह्या तोंडाचं भेव वाटते!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पोरगी तोवर त्या झाडाखाली पोचली होती.

जवळच्या मोहर्लीच्या एका जंगल-सफारीवाल्यानं जिप्सी गाडी दिली. तिच्यातूनच सुनेला चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलंय, आत्ताच काही सांगता येत नाही. मुलगा रक्तासाठी धावपळ करत होता. मला बसवेना. बाकावर टेकायची, उठायची, दारापर्यंत जायची. नर्स ओरडली की परत फिरायची. पोरगी भिंतीला टेकून रडत होती. तिच्या रडण्यानं डोकं उठलं.

"रडून काय होते? जाय, चहा आण."

ती गेली, फोन माझ्याजवळ ठेवून. तो वाजला. पुण्याच्या कार्यालयातल्या मॅडम होत्या. वाघाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"आजी, आमची मुलगी सुखरूप आहे ना?"

"तुमची हाय. आमची आत पडली हाय."

मॅडमनी मग सुनेचं विचारलं, डॉक्टरचं नाव विचारलं. शेवटी म्हणाल्या, "गाडी पाठवतेय. तिला आजच निघावं लागेल. तिची जबाबदारी आमच्यावर आहे, आजी."

बरोबरच होतं त्यांचं. मला राग मात्र आला.

पोरगी चहा घेऊन आली. गाडीचं ऐकून म्हणाली, "मी जाणार नाही." मग तिचा नेहमीसारखा प्रश्न आला. "आजी, तुमच्या सूनबाई नाल्याकडे का गेल्या?"

"तू जिथी होतीस ते झाड तिचं होतं. तुले देल्लं."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं रडणं थांबलं. चहा तसाच हातात राहिला. मी पुन्हा दाराकडे गेले.

गाडी आली, ड्रायव्हर खाली ताटकळत राहिला. त्याला दोनदा फोन आले. पोरगी हलली नाही. ऊन उतरल्यावर नर्सनं आत बोलावलं. सुनेचे डोळे उघडे होते.

मी म्हटलं, "कशी हायेस वं?"

तिनं पोरीकडे पाहिलं. "माह्या झाडाची फुलं कोनं वेचली?"

पोरगी म्हणाली, "अर्धीच वेचली."

"आन् बाकीची? डुकरं खातीन ना!"

मग पोरगी गाडीत बसून पुण्याला गेली. कार्यालयानं तिला पुन्हा जंगलात पाठवलं नाही. सुनेचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ती जगली.