पहिल्या सिलिंडरवर विमलचा अंगठा

विमल काल गेली. सकाळपासून तिला "शांत स्वभावाची" म्हणणाऱ्यांनी तिला बहुधा फोटोतच पाहिलं असावं.

शांत? विमल?

माझी चुलत नणंद होती ती. माझ्याशी जन्मभर भांडली, आणि मी तिच्याशी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्नरपुढच्या मढच्या बाजूचं तिचं गाव. नाव लिहीत नाही, तिथली मंडळी फेसबुकवर आहेत.

सरपंचपद पहिल्यांदाच बायकांसाठी राखीव झालं होतं. नऊ मेंबर. तिला धरून पाच विमलकडे, चार समोर. समोरची उमेदवार बिचारी नावापुरती, खुर्चीत तिचा नवरा बसणार हे अख्ख्या गावाला माहीत.

आमच्याकडे निवडीआधी मेंबर लपवून ठेवतात. त्याला "सहल" म्हणतात! विमलचे चौघे मेंबर देवदर्शनाला गेले होते, ते परस्पर गावात पोचणार होते. ती स्वतः मंचरला आमच्या घरी लपली होती.

सकाळी दहाच्या आत तिचा अर्ज पडला नाही, तर समोरची बाई आपोआप सरपंच.

आदल्या संध्याकाळी समोरच्या पॅनेलचा म्होरक्या आमच्या फाटकात हजर.

"पावणं, विमल इकडं आली व्हती का?"

"न्हाई बा," आमचे हे म्हणाले.

ती आत लसूण सोलत बसली होती.

मग दोघे फाटकाशी बराच वेळ कुजबुजत उभे राहिले. तो गेला आणि ह्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं. म्हणे, उद्या खिंड चढायचीय, ठिणगीचे पॉइंट साफ करतो.

प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणारा डिस्ट्रिब्यूटर ह्यांनी अख्खा उपसून काढला. कसा बसला होता त्याची खूणसुद्धा न करता.

सकाळी गाडी सुरू होईना.

हँडल मारलं की नुसते फाट् फाट् बार.

मेकॅनिकला बोलवायची सोय नव्हती, तो म्होरक्याचा मेहुणा. एसटी स्टँडवर त्यांची माणसं उभी.

"टायमिंग बरोबर आहे. इंजिनच्या पुलीवरची खूण जुळलीय, बघ," हे म्हणाले.

"जुळलीय, पण कोणत्या वेळेला?"

"खूण म्हणजे खूण! कॉन्व्हेंटचं शहाणपण मला शिकवू नको."

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला काट्या-चमच्याने जेवायला शिकवलं. इंजिन शिकवलं माझ्या वडिलांनी.

पिस्टन अगदी वरच्या टोकाला दोनदा येतो. एकदा पेट्रोलची वाफ आणि हवा दाबत, एकदा जळालेला धूर बाहेर ढकलत. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. ठिणगी हवी असते ती दाबाच्या वेळी. ह्यांनी धरली होती धुराची वेळ.

ओळखायचं कसं, तर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि हँडल सावकाश फिरवायचं. आतल्या हवेने अंगठा उडवला की समजायचं, आता पिस्टन वर येतोय तो दाबाच्या वेळी.

"अंगठाच पायजे ना?" विमल पदर खोचून पुढे आली. "माझा घ्या. गावात अंगठेबहाद्दर म्हणूनच वळखत्यात मला."

हे हँडलवर. ती भोकावर. मी वाकून पुलीच्या खुणेवर डोळा लावून.

"काय न्हाई," ती म्हणाली.

"अजून काय न्हाई."

आणि मान वर न करता, त्याच आवाजात, "दादा, खरं सांग. मुद्दाम केलंस का?"

हँडल थांबलं.

मी सकाळपासून तोच प्रश्न गिळून बसले होते.

"तो म्हणत व्हता," हे हळूच म्हणाले, "विमलला उद्या उशीर झाला, तर तुमच्या विहिरीवर लाइट जोडून देतो."

"आन तू काय म्हनलास?"

"म्हनलं, बघू."

"बघू?"

"न्हाई म्हनलं असतं तर तो फाटकातनं हलला असता का, विमे? आन मुद्दामच करायचं असतं तर चावी हरवली असती. हे सगळं खोलून कशाला बसलो असतो?"

विमलने त्यांच्याकडे पाहिलं. अंगठा मात्र काढला नाही.

"फिरव."

ह्यांनी फिरवलं.

"उडाला! वैनी, उडाला!"

"थांबा! आता सावकाश. अजून जरा... बास!"

पुलीवरची खूण इंजिनवरच्या काट्यासमोर आली. ह्यांनी डिस्ट्रिब्यूटर पुन्हा उपसला, आतला रोटर अर्धा फेरा फिरवला, पहिल्या प्लगच्या वायरीकडे त्याचं तोंड करून बसवला. प्लग लावला. हँडल मारलं.

इंजिनने धरलं.

नारायणगाव, जुन्नर, गणेश खिंड.

ग्रामपंचायतीच्या दारात म्होरक्या उभा होता. त्याने विमलकडे पाहिलंच नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. आत निवडणुकीचे साहेब घड्याळाकडे बघत बसले होते. विमलने तेलकट हातानेच अर्ज पुढे केला आणि सही ठोकली. हो, सही. येत होती तिला.

पाच विरुद्ध चार.

आमच्या विहिरीवर लाइट किती वर्षांनी आली, ते विचारू नका.

ह्यांचं त्या दिवशीचं उत्तर खरं होतं का? मी पुढे कितीदा तरी विषय काढला. विमल दर वेळी मलाच झापायची. "हँडल त्यानंच मारलं ना, वैनी? मग?"

हे कालपासून जेवलेले नाहीत.

आणि आज गावात तिच्या श्रद्धांजलीचा फलक लागलाय. "बिनविरोध निवडून आलेल्या आपल्या लाडक्या सरपंच." खाली हात जोडलेले फोटो. त्यात म्होरक्याही आहे.

खोटं आहे ते. चार हात तिच्या विरोधात वर गेले होते, आणि ती त्या चौघांच्या डोळ्यांत बघत खुर्चीत बसली होती. तो शब्द खोडा. आज संध्याकाळपर्यंत खोडा, नाहीतर मी येते.

विमल, तू जा आता निवांत. या फलकवाल्यांशी भांडायचं मी बघते.