सोपान मिस्त्री आणि पुण्याच्या गाड्या

नातवाच्या गाडीची रिमोटची चावी बिघडली की तो लगेच कंपनीला फोन लावतो आणि मला येरमाळ्याचे सोपान मिस्त्री आठवतात. एक किस्सा आठवला की त्याच्यामागे दुसरा येतो. बाजारात एक ओळखीचा भेटला की घरी पोचायला तिन्हीसांज होते, तसंच. बहात्तरचा दुष्काळ परत यावा असं कुणाला वाटेल? पण सोपानदादांच्या गॅरेजातला तो चहा अजून हवाहवासा वाटतो.

मी तेव्हा दूध संघाचा ड्रायव्हर. दादांचं गॅरेज हायवेला, आणि गाड्यांची कुलपं ही त्यांची खासियत. त्यांचा एकुलता एक मिलिंद दुष्काळी कामावर खडी फोडायला जाईना. बापलेकाचं वाजलं आणि पोरगं पुण्याला निघून गेलं. ना पत्र, ना निरोप. तेव्हापासून पुण्याची गाडी थांबली की दादा हातातलं काम टाकून उठायचे.

*

संघाच्या चेअरमनना एकदा हुक्की आली, जीपला कुलूप पाहिजे. दादांनी जीपला एक चक्कर मारली आणि शांतपणे म्हणाले, "बसवतो की. आधी दारं आना."

*

पुढे संघानं अँबॅसडर घेतली, तीही जुनीच. अणदूरला एका लग्नात मांडवाबाहेर पांढऱ्या अँबॅसडर ओळीनं उभ्या. जेवण झालं, मी चावी लावली, गाडी सुरू झाली, चेअरमन आणि मी निघालो. येरमाळ्याजवळ मागच्या सीटवर विरोधी पॅनेलच्या पत्रकांचा गठ्ठा सापडला, तेव्हा कळलं की गाडीच दुसऱ्याची!

चेअरमन तसेच गॅरेजात घुसले. "माझी चावी दुसऱ्याच्या गाडीला लागतेच कशी?"

"झिजलीया, साहेब," दादा म्हणाले. "झिजलेली चावी कुठंबी बसती. जुन्या पुढाऱ्यावानी."

चेअरमन हसले नाहीत. मी बाहेर जाऊन हसून घेतलं.

*

लोक रस्त्यात टँकर अडवून पाणी काढून घ्यायचे, म्हणून तोटीला कुलूप असायचं. आमच्याच भागातल्या वाशीकडच्या एका गावात टँकर पोचला आणि ड्रायव्हरची चावीच हरवलेली. बाया घागरी घेऊन उन्हात उभ्या. मी दादांना जीपमधून नेलं, त्यांनी कुलूप कापलं, पाणी सुटलं. ड्रायव्हरनं रागानं ते तुटकं कुलूप विहिरीत भिरकावलं. तळाच्या दगडावर ते खण्णकन वाजलं.

एक म्हातारी म्हणाली, "चला, लई दिसांनी हिरीत कायतरी पडलं."

येताना दादा म्हणाले, "पुन्यात नळाला पानी असंल न्हवं?"

*

गावच्या येडेश्वरी देवीच्या दर्शनाला आलेल्या एका पुणेकर साहेबांनी चावी आत ठेवूनच फियाटचं दार लावून घेतलं. भोवती सल्ले देणारे जमले. दादांनी काचेच्या रबरातून तार घालून दार उघडलं आणि विचारलं, "साहेब, आमचा मिलिंद कुठं दिसला का? कपाळावर खोक हाय."

साहेब हसले. "अहो मिस्त्री, पुणं केवढं मोठं!"

"मोठं हाय, मान्य. पन त्यो बी लई उंच हाय."

कुणीच हसलं नाही.

*

मग एकदा भर दुपारी मी दादांकडे चहा पीत असताना पुण्याची काळी अँबॅसडर थांबली. मागे साहेब, लातूरला लग्नाला निघालेले. ड्रायव्हर उतरला. उंच, कपाळावर खोक.

"मिस्त्री," मिलिंद खाली बघत म्हणाला, "पुढच्या डाव्या दाराचं कुलूप बिघडलंय. चालत्या गाडीत दार उघडतंय."

दादांनी हात पुसले. वाकून चावी फिरवली, दार उघडलं, लावलं, परत उघडलं, परत चावीनं लावलं.

"मोठा बिघाड हाय, साहेब. दोन दिस लागतील."

साहेब चिडले, घड्याळ बघितलं, ड्रायव्हरला गाडीपाशीच थांबायला सांगितलं आणि लातूरची एसटी पकडून गेले.

एसटी दिसेनाशी झाल्यावर मी सहज त्या दाराला हात घातला. खेचलं, हललं नाही. चावी फिरवली, अलगद उघडलं.

"दादा, ह्ये तर बरूबर..."

"लाव ते दार," दादा म्हणाले. "आन त्याला इचार, जेवलाय का."