मांडीखालचा माइक

नव्वदच्या दशकात मी सीबीडी बेलापूरला एका कंट्रोल रूममध्ये वायरलेस ऑपरेटर होते. हायवेवरच्या आमच्या सगळ्या अॅम्ब्युलन्स एकाच चॅनलवर. एकानं बटण दाबून बोलायचं, इतरांनी ऐकायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत बोलणाऱ्याला काही ऐकू येत नाही आणि बाकी सगळ्यांची तोंडं बंद.

गाड्यांतले माइक अडकवायचे हूक खड्ड्यांनी केव्हाच तुटले होते. नवे मागून माझं तोंड दुखलं. साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे. हूक ही काय मागायची गोष्ट झाली, म्हणायचे. सेट सोडून गाडीतून उतरायचं नाही, हा मात्र त्यांचाच कडक नियम. मग ड्रायव्हर माइक मांडीशी ठेवत आणि चहासुद्धा सीटवर बसूनच घेत.

एका दुपारी फोन आला. सानपाड्याजवळ टेम्पो उलटून मार्केटमधला एक माथाडी खाली अडकला होता. टायरच्या दुकानातून त्याचा गाववाला बोलत होता, साताऱ्याकडचा.

"बाई, शुद्धीवर हाय, पर रगत लई चाललंय. गाडी धाडा."

जुईनगरला आमची अॅम्ब्युलन्स उभी होती, अगदी जवळ. मी सेटकडे वळले, तर स्पीकरमधून तिचाच ड्रायव्हर चहावाल्याशी बोलत होता. मुलीचं लग्न ठरलं होतं त्याच्या. माइक मांडीखाली जाऊन बटण दाबलं गेलं होतं. आम्हाला तो ऐकू येत होता, त्याला आम्ही नाही. हे माहीत असूनही मी ओरडत राहिले. चॅनल अडल्यानं दुसरी गाडीही मिळेना. शिपायाला स्कूटरवर पिटाळलं.

"निघाली का गाडी?" फोनवरच्यानं विचारलं.

"ड्रायव्हरला निरोप पोचत नाहीये. माणूस पाठवलाय."

"पाणी मागतोय त्यो. बघून येतो."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. इकडे ड्रायव्हर व्याह्यांची नक्कल करून दाखवत होता. मला त्याचा भयंकर राग आला. तो तर नियमाप्रमाणे आपल्या जागेवरच बसला होता, त्याला काय बोलणार? त्यामुळे राग जास्तच.

बऱ्याच वेळानं गाववाला फोनवर परत आला. धाप लागली होती त्याला.

"ऱ्हाऊ द्या बाई आता. गेला त्यो."

इकडे स्पीकर चालूच होता. मग त्यानं विचारलं,

"तुमच्याकडं हसतंय कोण?"