मावळातले महापौर

भाऊ निवडणुकीत पडले त्याला आता बरेच महिने झाले, पण मी आणि इकबाल कामशेतला चहाला बसलो की किस्से निघतातच. एक सांगून होतो न होतो तोच दुसऱ्याला पुढचा आठवतो, आणि चहा गार होतो.

भाऊ म्हणजे आमचे माजी महापौर. शहर मोठं आहे, नाव सांगत नाही. मी त्यांचा पीए, इकबाल त्यांचा ड्रायव्हर. पराभवाची कारणं शोधायला पक्षानं एक समिती नेमली होती. समितीनं बरीच खलबतं करून 'मतविभाजन' असं कारण काढलं. आम्हा दोघांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर इकबालनं एका शब्दात सांगितलं असतं. "कान्हे."

*

महापौर झाल्यावर भाऊंचं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, जरा हवापालट करत जा. म्हणून मावळात, कान्ह्याला बंगला बांधला. आधी फक्त रविवारी जायचे. मग शनिवार धरला. मग शुक्रवारी जेवण झालं की त्यांना ऑफिसच्या खिडकीतून मावळातले ढग दिसायला लागले. त्या खिडकीतून आम्हाला फक्त पार्किंग दिसायचं.

ऑफिसात फोन यायचे, साहेब कुठे आहेत? मी सांगायचो, दौऱ्यावर आहेत. हे भाऊंच्या कानावर गेलं. भाऊंना खोटं बोललेलं खपत नाही. त्यांनी बंगल्याचं नावच 'दौरा' ठेवलं.

*

एका उन्हाळ्यात शहरात पाणीकपात लागली. नागरिकांना आवाहन करायला हवं होतं, आणि भाऊ नेमके कान्ह्याला. मग बंगल्याच्या अंगणातूनच लाइव्ह करायचं ठरलं. मोबाईल मी धरला. पाणी जपून वापरा, एकेका थेंबाची किंमत ओळखा, असं भाऊ अगदी मनापासून बोलत होते. मागे इकबाल पाइप लावून गाडी धूत होता. ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण माझा सगळा जीव भाऊंचा चेहरा नीट दिसतोय का यात अडकला होता.

पहिलीच कमेंट आमच्या प्रभागातल्या एका बाईंची आली : 'भाऊ, तुमचं बोलून झालं की तो मागचा पाइप आमच्या गल्लीत पाठवा.'

भाऊ इकबालला रागावले नाहीत. मला म्हणाले, "पुढच्या वेळी भिंतीसमोर घ्या."

*

पुढच्या वेळेपर्यंत पावसाळा आला. भाऊंकडे पाहुणे आले होते, त्यांना भुशी धरण बघायचं होतं. गेलो. पाहुणे पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसले, त्यांच्या आग्रहाखातर भाऊही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले. कुणीतरी हातात भाजलेलं कणीस दिलं. तेवढ्यात शहरातून फोन : नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलंय. भाऊंचा चेहरा उतरला. लगेच निघतो म्हणाले. पण निघणार कसे? रविवारची भुशी. गाडी पार्किंगमधूनच हलेना. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि मधे भजीवाले.

तासाभरानं एका न्यूज चॅनेलवाल्याचा फोन आला. भाऊ घाबरून म्हणाले, "मी स्वतः पाण्यात उभा राहून परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे."

बातमी चालली. संध्याकाळी फोटोही चालला. आमच्याच प्रभागातलं एक कॉलेजचं टोळकं त्या दिवशी भुशीला आलं होतं, त्यांनी भाऊंसोबत सेल्फी घेतला होता. पाणी गुडघ्यापर्यंत, हातात कणीस. खाली ओळ : 'महापौर पूरपरिस्थितीची पाहणी करताना.'

त्या दिवशी परतताना टोलनाक्यावर भाऊ इकबालला म्हणाले, "कणीस तरी टाकून द्यायला हवं होतं."

*

आता कुणाला वाटेल, माणूसच कामचुकार. तसं नव्हतं. ते मी डोळ्यांनी बघितलंय.

बंगल्याची देखभाल सोपानआबा करायचे. गावातलेच शेतकरी, भाताची खाचरं बंगल्याला लागूनच. एकदा खाचरांकडे जाणारा रस्ता पावसानं वाहून गेला. आबा सहज बोलता बोलता बोलले. भाऊ तसेच उठले. ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, दुपारी जेसीबी हजर. मुरूम पडेपर्यंत भाऊ स्वतः चिखलात उभे. बायकांना वाट करून दिली, एका म्हातारीला हात धरून पलीकडे नेलं, तिच्या सुनेचं माहेर कुठलं तेही विचारलं. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर, पण त्यांना असं खूश कधी बघितलं नव्हतं.

त्याच वेळी माझ्या मोबाईलवर आमच्या प्रभागातल्या तुंबलेल्या गटाराचा फोटो येऊन पडला होता. मी तो भाऊंना दाखवला. पायावरचा चिखल झटकत ते म्हणाले, "त्यांना अर्ज द्यायला सांगा."

*

निवडणुकीच्या महिनाभर आधी सोपानआबांना वाटलं, भाऊ आता प्रचारात शहरातच असतील, त्यांना नवा तांदूळ घरी नेऊन द्यावा. इंद्रायणीची पिशवी खांद्यावर टाकून, गाड्या बदलत ते शहरात गेले. पत्ता होता, तरी आमच्या प्रभागात चुकले. संध्याकाळी पिशवी घेऊन परत 'दौऱ्या'वर. भाऊ व्हरांड्यातच बसले होते. विचारलं, घर सापडलं नाही का?

आबा म्हणाले, "पानवाल्याला इचारलं, महापौरांचं घर कुटं हाय. त्यो म्हनला, ते हितं नसत्यात. मावळात ऱ्हात्यात. कान्हे टेशनला उतरा, तितं कुनीबी सांगंल."

मी इकबालकडे बघितलं. इकबाल गाडीची काच पुसायला लागला. भाऊ मात्र हसले. त्यांना वाटलं, आपली ओळख किती लांबवर पोचलीय.

*

निकाल लागला. स्वतःच्या प्रभागातच भाऊ आपटले, तेही एका नवख्या शिक्षिकेकडून. तिचा प्रचार एवढाच होता की, मी इथेच राहते.

दुसऱ्या दिवशी भाऊ कान्ह्याला आले. व्हरांड्यात बसून राहिले. फोन वाजत नव्हता. चार्जिंग आहे ना, म्हणून त्यांनी तो दोनदा उचलून बघितला. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात सोपानआबा आले. बरोबर गावातली चार-पाच माणसं. हातात नारळ. आबा पायरीवर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भाऊ, तुमी पडला ते लय वाईट झालं," ते म्हणाले. "पर आमी समदे बसून बोललो. औंदा सरपंचाची निवडणूक हाय. तुमी हुबं ऱ्हावा. तुमच्या इरोधात कुनी फारम भरनार न्हाई. तुमी तर हितंच असता."

भाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी नारळ हातात घेतला. समोरच्या डोंगराकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे वळून अगदी काळजीनं म्हणाले,

"मग सुट्टीला जायचं कुठं?"