सगळ्यांच्या आधी सुटणारा

देवपूरचे आबा नसते तर मी धुळ्यात टिकलोच नसतो, हे आधी सांगतो, शर्यतीचं मागाहून. आबा म्हणजे आमच्या धावण्याच्या क्लबात शिट्टी वाजवणारे. गुडघा गेलेला, त्यामुळे स्वतः धावत नसत.

मी फैजपूरकडचा. आठवीत शाळा सुटली आणि पुढे इथे जुन्या टायरवर नवं रबर चढवायच्या, रिमोल्डच्या कारखान्यात लागलो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. रविवारी कारखाना बंद, म्हणजे दिवसभर कोणाशी शब्द नाही. खोलीत स्टोव्हचा आवाज तेवढा सोबतीला. क्लबात गेलो तो धावायच्या हौसेनं नव्हे. शर्यत संपली की सगळे टपरीवर चहा घेत. त्या बाकावर मला बसायचं होतं, बस.

शर्यत अशी, की हळू धावणारा आधी सुटायचा, चपळ माणूस शेवटी. आबांचा अंदाज जमला तर सगळे टपरीवर जवळपास एकदम पोचत. मी नवा, म्हणून सर्वांत आधी मला सोडलं. रस्ता विचारायला जीभ उचलली नाही. आधीच शाळा सोडलेला, त्यात बाहेरगावचा, हसतील. पुलापाशी फाटा होता, मी नदीकडच्या वाटेला लागलो. पुढे कोणी नाही. मागून पावलं येतील म्हणून कान देत होतो, तीही येईनात. मोठा वळसा घेऊन टपरीवर पोचलो तेव्हा ग्लास विसळून झाले होते.

आबांना वाटलं, गडी फारच हळू. पुढच्या रविवारी आणखी आधी सोडलं. मी पुन्हा त्याच वाटेनं, पुन्हा शेवटी.

"वाटेत झोपतो का रे भाऊ? दिसत तर नाहीस कुठे!"

"आबा, याला शनिवारीच सोडा!"

सगळे हसले, मीही हसलो. मनात म्हटलं, आता गावाकडची एसटी धरायची. आबा मात्र माझ्या बुटांकडे बघत होते.

"आपला रस्ता तं बठ्ठा डांबरी शे," ते हळूच अहिराणीत म्हणाले. "मंग हाऊ चिखल कोठला?"

मी बूट जमिनीला घासू लागलो. त्यांनी चारचौघांत पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटला तर आबा फाटकाशी उभे. लंगडत लंगडत त्यांनी मला सगळा रस्ता चालवला. इथे पिठाची गिरणी, इथून वळायचं, नदीकडे उतरायचं नाही. मध्ये दोनदा कट्ट्यावर बसले, गुडघा चोळला. मी नको म्हणालो तर म्हणे, "माले बी जरासं चालनं व्हतं."

त्या रविवारी बरोबर रस्त्यानं धावलो आणि सगळ्यांच्या कितीतरी आधी टपरीवर पोचलो. चहावाल्यानं भट्टीसुद्धा पेटवलेली नव्हती. रिकाम्या बाकावर एकटाच बसलो. शेवटी पोचण्यापेक्षा ते मनाला जास्त लागलं.

मग धापा टाकत मंडळी आली. "रिक्षानं आलास का रे?" एकजण तापलाच.

तेवढ्यात आबा जवळच्या वाटेनं येऊन पोचले. म्हणाले, "त्याले काय बोलतस? चूक मनी शे. रस्ता न दखाडता सोडं मी त्याले." चूक त्यांनी स्वतःवर घेतली.

पुढच्या खेपेला मला शेवटी ठेवलं. एकेक जण सुटत गेला. पुलावर त्यांच्या पाठी लहान लहान होत गेल्या, आणि आबांशेजारी मी एकटा उरलो. शिट्टी वाजली. धावताना पहिल्यांदाच माझ्यापुढे माणसं होती. टपरीपाशी त्यांच्यात मिसळलो तेव्हा कोणीतरी म्हणालं, "सरक ना, बसू दे त्याला." गरम ग्लास हातात आला.

आबा शेवटच्या गड्याला सोडूनच निघायचे. ते येईस्तोवर किटलीत तळाचा, गार चहा राहायचा. तोच ते प्यायचे, कधी बोलले नाहीत.

तेव्हा मी मनात म्हणायचो, आबा, एक दिवस शिट्टी माझ्या हातात असेल. तुम्हाला सगळ्यांच्या आधी सोडीन, लागेल तेवढं आधी. काठी टेकत सावकाश या. तुम्ही बाकावर बसेपर्यंत किटलीला मी कोणाचा हात लागू देणार नाही.